पाण्याची बॅच

पहिल्या खेपेला अण्णांच्या हातात सुई टोचली नव्हती. हंसा सिस्टरने सलाईनची नळी त्यांच्या डाव्या हाताच्या पाठीवर चिकटपट्टीने बसवली, तिचं टोक खुर्चीखालच्या निळ्या बादलीत सोडलं आणि थेंब चालू केले. अण्णा तासभर सरळ बसून होते. बादलीत अडीचशे मिलीलीटर पाणी जमलं. उठताना ते म्हणाले, "बरं वाटतंय आता."

आई माझ्याकडे बघत होती. मी घड्याळ बघून वेळ लिहिली. अकरा चाळीस.

तारापूरच्या एमआयडीसीत नवा रिअॅक्टर बसवला की त्यात लगेच रसायन भरत नाहीत. आधी पाण्याची बॅच घेतात. पाणी भरायचं, तापवायचं, ढवळायचं, थंड करून काढायचं. कुठे गळतंय, कुठला व्हॉल्व्ह अडतोय, कोण वेळेवर जागेवर नसतो, हे सगळं पाण्यावर कळतं. मी तिथे एका औषध कंपनीत क्वालिटी विभागात आहे. एम.एस्सी. झाल्यापासून तीन वर्षं. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, त्याच एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं बॉयलर चालवला. त्यामुळे हॉस्पिटलच्या मीटिंगमध्ये मी 'पाण्याची बॅच घेऊ' म्हटलं तेव्हा डॉक्टरांना समजावून सांगावं लागलं, अण्णांना नाही. ते म्हणाले, "पाणीच आहे ना? मग भ्यायचं काय."

निदान सप्टेंबरात झालं होतं. पालघरला एमआरआय, मग पाठीच्या कण्यातून पाणी काढून मुंबईच्या लॅबमध्ये तपासणी. अल्झायमर, सुरुवातीचा टप्पा. अण्णांचं वय बासष्ट. तीस गुणांच्या स्मरणचाचणीत त्यांना तेवीस मिळाले. डॉ. इंद्रजीत हे मेंदूविकारतज्ज्ञ महिन्यातून दोन शनिवार मुंबईहून बोईसरच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात येतात. त्यांनी सांगितलं की या आजारावर नवं औषध आलं आहे. दर पंधरा दिवसांनी शिरेतून द्यायचं. त्याने माणूस बरा होत नाही. घसरण थोडी हळू होते, साधारण पाव भागाने. वीसपेक्षा कमी गुण असले तर देत नाहीत. तिथे फायदा दिसलेला नाही, आणि मेंदूला सूज येण्याचा, बारीक रक्तस्राव होण्याचा धोका मात्र तसाच राहतो.

"मग द्या की लवकर," आई म्हणाली.

"इथे अजून देता येत नाही, रखमाबाई. मुंबईत देतात, पण तिथे खुर्च्या सहा आणि नावं दीडशे. नवीन पेशंट घेणं थांबवलंय. इथलं केंद्र तयार झालं तर झुंबररावांचं नाव पहिलं."

केंद्र तयार होणं म्हणजे काय, याचा चौदा पानी कागद होता. औषध दोन ते आठ अंशांत ठेवणारा फ्रीज. प्रशिक्षित नर्स. ठरलेल्या डोसांआधी एमआरआय, आणि त्याचा अहवाल अठ्ठेचाळीस तासांत. डोसनंतर पेशंटचं डोकं दुखलं, तोल गेला, बोलणं अडखळलं, तर दिवसा-रात्री कधीही पंधरा मिनिटांत उचलला जाणारा फोन. हे सगळं रंगीत तालमीत सलग तीन वेळा बिनचूक करून दाखवायचं, मग मुंबईहून मंजुरी. औषध बनवताना आम्हीही सलग तीन बॅच दाखवतो. डॉक्टरांना असे कागद भरता येत नव्हते आणि मला येत होते. मी दर शनिवारची रजा टाकली.

तालमीला आधी हॉस्पिटलातलेच कर्मचारी पेशंट होऊन बसायचे. ते फार पटापट उत्तरं द्यायचे, फार पटापट उठायचे. खरा पेशंट वाट चुकतो, फॉर्मवर सही करायची विसरतो, मध्येच घरी जायचं म्हणतो. म्हणून मी अण्णांचं नाव सुचवलं. डॉक्टरांना कल्पना आवडली. आईलाही आवडली, तिला वाटलं, रोज तोंड दिसलं की नंबर पुढे सरकतो.

तेवीस आणि वीस यांच्यात तीन गुण. वर्षाला साधारण दोन-तीन जातात, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे आमच्या हातात एक वर्ष होतं. मी ते कुठे लिहून ठेवलं नाही. तशी गरज पडली नाही.

पहिल्या दोन तालमी फसल्या.

पहिल्या वेळी फोन. तो हंसाकडे दिला होता. मी रविवारी दुपारी चाचणी म्हणून लावला, तर तीन वेळा लागलाच नाही. सोमवारी तिला विचारलं.

"अगो, घरी होते मी. आमच्या मुरबे गावात घरात रेंज नाय. बाहेर ओट्यावर बोंबील सुकत घातलेत ना, तिकडं येते."

"मग फोन ओट्यावर ठेवायचा."

"आणि मांजर उचलेल तो! मांजरीला ट्रेनिंग हाय का तुझ्या चौदा पानांत?"

फोन कॅज्युअल्टीच्या टेबलावर गेला. पंधरा मिनिटांचं उत्तर चार मिनिटांवर आलं.

दुसऱ्या वेळी एमआरआय. पालघरच्या सेंटरमध्ये मशीन आहे, पण अहवाल वाचणारे डॉक्टर दुसऱ्या राज्यात बसतात. चार दिवसांनी कागद आला. त्यावर लिहिलं होतं, वयोमानानुसार. रक्तस्रावाचे ठिपके किती, ते लिहिलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. मी विचारायच्या पाच गोष्टींचा एक कागद केला. तो स्कॅनसोबत जायला लागला, तेव्हा अहवाल तीस तासांत यायला लागला.

फ्रीजचा तक्ता फार्मसीतली दिशा भरत असे. मी बघितला तेव्हा तीन आठवडे, सकाळ-संध्याकाळ, सगळीकडे पाच लिहिलं होतं.

"पाचच असतं ना, ताई."

"बघून लिहिलंस का?"

"बघितलं असतं तरी पाचच असतं."

संध्याकाळी घरी मी हे अण्णांना सांगितलं. ते खूप वेळ हसले. "आम्ही तर चारलाच सहाचं रीडिंग लिहून मोकळे व्हायचो. आठ किलो प्रेशर. कधीही बघ, आठ."

"अण्णा, हे चूक आहे."

"चूक कशाचं? आठच असायचं! तुमच्या क्वालिटीवाल्यांना काय, कागद पाहिजे." मग त्यांनी मधलं बोट अंगठ्यात अडकवून हवेत टिचकी मारली. "फक्त काचेवर अशी टिचकी मारायची. काटा थरथरला पाहिजे. जाग्यावरच राहिला तर समजायचं, अडकलाय. मग मात्र पळायचं."

हे त्यांनी एका दमात सांगितलं. त्यानंतर ते मोरीत जायला उठले आणि कपाटाचं दार उघडून उभे राहिले. आमचं सालवडचं घर दोन खोल्यांचं आहे. मी त्यांना हाताला धरून नेलं.

प्रत्येक तालमीची सुरुवात त्याच स्मरणचाचणीने व्हायची, कारण खऱ्या उपचारात ठरलेल्या टप्प्यांवर ती होणार होती. मराठीतला फॉर्म एकच होता. आज वार कोणता, तालुका कोणता, आपण कितव्या मजल्यावर आहोत. शंभरातून सात वजा करत जा. तीन शब्द ऐका, थोड्या वेळाने पुन्हा सांगा. शेवगा, कुलूप, होडी.

गुण माझ्या वहीत आहेत. नोव्हेंबर बावीस. डिसेंबर तेवीस. फेब्रुवारी बावीस. मार्च तेवीस. एप्रिल तेवीस. जानेवारीत हॉस्पिटलचा जनरेटर दुरुस्तीला होता, तालीम झाली नाही.

"स्थिर आहेत," डॉ. इंद्रजीत म्हणाले. "छान."

घरी आई भाकरी थापता थापता विचारायची, "अहो, तीन शब्द?"

"शेवगा, कुलूप, होडी."

"शंभरातून सात?"

"त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट."

मला तिने पाढे असेच पाठ करवून घेतले होते, त्याच परातीसमोर बसवून. बीडहून इथे आल्यावर तिला बाहेर फारसं कुणी ओळखत नव्हतं, तेव्हा तिचं सगळं लक्ष माझ्या पाढ्यांवर असायचं. अण्णांचंही तिने तसंच केलं. "मेंदूला व्यायाम होतो," ती म्हणायची. शनिवारी शेअर रिक्षात ती त्यांच्या कानाशी वाकून सांगायची, "आज शनिवार. गाव बोईसर. तालुका पालघर. मजला दुसरा."

मी समोरच्या सीटवर असायचे. मला ऐकू येत होतं. मोजायच्या आधी नमुन्यात काही मिसळलं तर त्या मोजणीला अर्थ राहत नाही, हे मी नव्या ट्रेनींना पहिल्या दिवशी शिकवते. तरी मी त्याची नोंद कुठे केली नाही.

मार्चमध्ये अण्णांना शर्टाची बटणं लावता येईनाशी झाली. बनियन शर्टावरून घालायचे. एकदा सकाळी साडेसहाला ते कारखान्याच्या गेटवर जाऊन उभे राहिले. वॉचमन ओळखीचा होता, त्याने चहा पाजून घरी आणून सोडलं. एका संध्याकाळी मी त्यांच्या ताटात वरण वाढत होते, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "वैभवी कधी येते ड्यूटीवरून?"

"येईल इतक्यात," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि जेवायला लागले.

फेब्रुवारी, मार्च, एप्रिल या तिन्ही तालमी बिनचूक झाल्या. मेच्या पहिल्या आठवड्यात मंजुरी आली. सोबत जाड पाकीट होतं: नियम, संमतीपत्रं, आणि स्मरणचाचणीचा दुसरा मराठी फॉर्म. त्याच्या कोपऱ्यात 'ब' लिहिलं होतं. पहिल्या तीन पेशंटांचं औषध योजनेतून मोफत होतं. बाटल्या थंड पेटीतून आल्या. दिशाने त्या फ्रीजमध्ये ठेवल्या आणि तक्त्यात लिहिलं, चार पूर्णांक सहा.

दुसऱ्या शनिवारी अण्णांचा पहिला डोस ठरला. आईने त्यांना पांढरा शर्ट घातला आणि डावी बाही घरूनच दुमडून दिली. खुर्ची तीच होती. खाली बादली नव्हती.

"काका, आज खरी सुई हाय बरं का," हंसा म्हणाली. "ओरडायचं असेल तर आत्ताच ओरडून घ्या, मग आमी आपलं काम करतो."

"तुझा हात हलका आहे," अण्णा म्हणाले. प्रत्येक तालमीत ते हेच म्हणायचे.

हंसाने पॅड घेतलं. वार, तालुका, मजला, सगळं बरोबर. मग ती म्हणाली, "आता मी तीन शब्द–"

"शेवगा, कुलूप, होडी."

"घ्या! काका माझ्या पुढं धावतात!" ती हसली. डॉ. इंद्रजीत हसले. आईसुद्धा हसली, पदर तोंडाला लावून. अण्णांना कळलं नाही, पण सगळे हसतायत म्हणून तेही हसले.

मी वहीतले आकडे बघत होते. बावीस, तेवीस, बावीस, तेवीस, तेवीस. त्यांना बटणं लागत नव्हती, मोरी सापडत नव्हती, मी सापडत नव्हते. काटा मात्र सहा महिने जागचा हलला नव्हता.

"बावीस," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"सर, पाकिटात दुसरा फॉर्म आलाय."

"हो, 'ब'."

"तो घ्या."

त्यांनी वर बघितलं. "बावीस आहेत, वैभवी. नियमात बसतंय."

"हा फॉर्म त्यांनी तालमीत पाच वेळा सोडवलाय. घरी रोज."

"काय बोलायलीस तू?" आई म्हणाली.

डॉक्टरांनी टोपण परत लावलं. थोडा वेळ ते बोटांनी कागदाची कड सरळ करत राहिले. "तू बोलली नसतीस तर मी सही केली असती," ते म्हणाले.

"माहीत आहे."

हंसाने ब फॉर्म आणला. आईने तिच्या हाताला धरलं. "सिस्टर, सुई लावा आधी. बाकीचं मग बघा."

"नाय करता येत, मावशी," हंसा हळूच म्हणाली.

वार आणि तालुका त्यातही होते, ते आले. वजाबाकी सातची नव्हती, तीनची होती. अण्णा म्हणाले, "त्र्याण्णव." हंसाने प्रश्न पुन्हा वाचला. ते पुन्हा म्हणाले, "त्र्याण्णव." तीन शब्द होते चिंच, घंटा, पायरी. तिने म्हटल्याबरोबर त्यांनी ते म्हटले. मग चित्र काढायचं होतं, त्यात त्यांनी एक गोल काढला आणि पेन्सिल खाली ठेवली. पाच मिनिटांनी हंसाने विचारलं, "काका, मघाशी मी कुठले शब्द सांगितले?"

अण्णांनी आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा खुलला. "शेवगा, कुलूप, होडी."

चौदा.

डॉक्टर खुर्ची ओढून आईसमोर बसले आणि त्यांनी सगळं समजावलं. फायदा नाही, धोका आहे, मेंदूत रक्त उतरू शकतं, इथून पालघरला मशीनपर्यंत पोचायला पाऊण तास लागतो. आई ऐकत होती. मग ती म्हणाली, "कागदावर तेवीस होते."

"ते खरे नव्हते, रखमाबाई."

"आणि काहीच झालं नसतं तर? रक्त उतरलंच नसतं तर?"

आई माझ्याकडे वळली. "तुझ्या कंपनीत कर जाऊन नापास. घरातलं माणूस नापास करतंय व्हय कुणी?"

अण्णा डावा हात खुर्चीच्या दांडीवर तसाच ठेवून वाट बघत होते. हंसाने ट्रेवर रुमाल टाकला. बाटली उघडलेली नव्हती. दिशा येऊन ती परत घेऊन गेली. मी फॉर्मवर वेळ लिहिली. दहा पंचावन्न.

त्यानंतरच्या शनिवारी पाम गावच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंना ती खुर्ची मिळाली. त्यांचे ब फॉर्ममध्ये चोवीस होते. त्यांच्या एमआरआयचा अहवाल अठ्ठावीस तासांत आला. रात्री डोकं दुखलं म्हणून त्यांच्या सुनेने फोन लावला, तो तिसऱ्या रिंगला उचलला गेला. मी महिनाअखेरीचा तक्ता भरला. त्रुटींच्या रकान्यात शून्य लिहिलं. डॉ. इंद्रजीतनी मुंबईला कळवलं की या केंद्राची कार्यपद्धती इतर ठिकाणी नमुना म्हणून वापरता येईल. त्यावर माझं नाव होतं.

नियमावलीत मी एक कलम वाढवलं. तालमीसाठी उपचाराच्या यादीतला पेशंट घेऊ नये.

आई माझ्याशी कामापुरतं बोलते. कुकर बघ. दूध उतू चाललंय. शब्द विचारणं तिने सोडलेलं नाही, पण मी घरात असले की आवाज खाली करते.

डॉक्टरांचे शनिवार अण्णांना कसे कळतात, ते मला सांगता येत नाही. बहुधा आई पांढरा शर्ट काढते त्यावरून. ते आंघोळ करून दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसतात आणि डावी बाही वर करतात. पहिल्या शनिवारी ते बारापर्यंत तसेच बसले होते आणि नंतर जेवले नाहीत. दुसऱ्या वेळी आईने कापसाचा बोळा त्यांच्या हाताच्या पाठीवर ठेवला आणि वरून चिकटपट्टी लावली. अण्णा पाठ टेकून बसले. तासाभराने म्हणाले, "बरं वाटतंय आता."

आता ते दर वेळी होतं. आई पट्टी लावते आणि स्वयंपाकाला लागते. मी समोर बसते. तास झाला की मी पट्टी काढते. त्यांच्या हाताला केस फार आहेत, ओढले जातात, म्हणून मी पट्टी आधी ओल्या फडक्याने भिजवते आणि कडेपासून हळूहळू सोडवते.

"तुझा हात हलका आहे, सिस्टर," ते म्हणतात.